चौथ्या मणक्याचा राजीनामा

गहिनीनाथ खरमाटे यांच्या कमरेतल्या चौथ्या मणक्याने मंगळवारी सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलावर येऊन राजीनामा दिला.

मी बाजार समितीत हमाल-मापाडी शाखेचा लिपिक आहे. अर्ज घेण्याची वेळ अकराची आहे आणि तो अकरालाच आला, त्यामुळे पहिल्या भेटीतच त्याच्याबद्दल माझं मत चांगलं झालं. माणसं साधारणपणे माझ्या जेवणाच्या वेळी येतात. मणका बाहेर कसा आला, हे विचारण्याची आमच्या शाखेत पद्धत नाही. अर्जदार समक्ष हजर आहे का, अर्जावर तारीख आहे का आणि प्रती पुरेशा आहेत का, एवढंच आम्ही बघतो. तिन्ही गोष्टी ठीक होत्या. सही तेवढी नव्हती.

"सही करा," मी म्हणालो.

"हात नाईत, भाऊसाहेब."

"मग अंगठा."

"त्योबी नाई."

मणक्याला मागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशी टोकं असतात. त्यातलं मागचं टोक मी शाईच्या पॅडवर टेकवलं आणि कागदावर उमटवून घेतलं. खाली 'समक्ष' असं लिहिलं. दिसायला तो मूठभरच होता. रंग जुन्या चुन्यासारखा, आणि एक बाजू घासून घासून पार सपाट झालेली.

खुद्द गहिनीनाथ बाहेर व्हरांड्यातल्या बाकड्यावर पालथे पडले होते. चौथा नसताना माणसाला पाठीला टेकू असल्याशिवाय बसणं जमत नाही. वय पन्नास, सात नंबरच्या टोळीत सव्वीस वर्षं, छातीवर पितळी बिल्ला. त्यांना राजीनाम्याचा राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं.

"मला आधी सांगायचं तरी," ते पडल्या पडल्या दारातून म्हणाले. "सव्वीस वर्सं संगं काढली आपण."

"सहा वर्सं सांगतोय," चौथा टेबलावरून म्हणाला. "तू दरयेळी बाम चोळला न झोपला."

अर्जात कारण थोडक्यात होतं. ओझं झेपत नाही. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी तीन वर्षांपूर्वीच निघून गेलेली असून आता हाडावर हाड घासतं. डाव्या पायाची शीर मध्ये सापडते आणि ती रात्रंदिवस कळवळते. शेजारणीला रोज असं चिरडणं अर्जदाराच्या मनाला पटत नाही. मी दप्तर तपासलं. गादीने जाताना अर्ज दिलेला नव्हता, त्यामुळे दप्तरी ती अजून कामावर हजर आहे. तिची हजेरी मीच लावतो.

राजीनाम्याला एक महिन्याची पूर्वसूचना लागते आणि त्या महिन्यात कामावर हजर राहावं लागतं. मी तसं सांगताच चौथा निमूटपणे खाली उतरला आणि आपल्या जागी गेला. गहिनीनाथ उठून उभे राहिले, कमरेवर हात ठेवून दोन पावलं चालले आणि थप्पीकडे निघून गेले. पोत्यांची उतराई चालू होती.

सुनावणी शुक्रवारी सचिवांच्या दालनात झाली. सचिव कुलथेसाहेब, टोळीचे मुकादम त्रिंबक नागरगोजे, गहिनीनाथ, चौथा आणि टिपण घ्यायला मी. कुलथेसाहेबांची खुर्ची खास पाठदुखीसाठी मागवलेली आहे. तिला कमरेपाशी फुगवटा आहे. साहेबांनी उभ्या जन्मात फाइलपेक्षा जड काही उचललेलं नाही, पण फायली कधीकधी जाड असतात.

"तक्रार नेमकी काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"वजन," चौथा म्हणाला.

"नियमात पोतं पन्नास किलोचं आहे. त्याच्यावर एक ग्रॅम आम्ही चालू देत नाही."

"पन्नासचंच आसतंय, साहेब. पर जोडपोतं आसतंय."

इथे जोडपोतं म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी आमच्याकडे शंभर किलोचं पोतं असे. ते माणसाच्या पाठीला घातक आहे असं वरून कळवण्यात आलं आणि पन्नासची मर्यादा आली. समितीने मर्यादा त्याच दिवशी लागू केली. अडत्यांनीही त्याच दिवशी पन्नास-पन्नासची दोन पोती तोंडाला तोंड लावून सुतळीने शिवायला सुरुवात केली. हमालाने मान खाली घालायची आणि शिवण मानेच्या मागे येईल अशा बेताने जोडपोतं पाठीवर घ्यायचं. फळीवरून ट्रकमध्ये एकाच खेपेत दोन पोती चढतात. नियम कुठेही मोडत नाही आणि वेळही वाचतो, असा हा सर्वांच्या सोयीचा मार्ग आहे. सर्वांच्या म्हणजे जे पोतं उचलत नाहीत त्या सर्वांच्या.

"दोनच पोती हायेत, साहेब," मुकादम म्हणाले. "मधी शिवण हाये. बगायची आसंल तर बगा."

कुलथेसाहेब खरोखरच उठले, खाली यार्डात गेले, चष्मा वर करून त्यांनी शिवण पाहिली आणि परत येऊन समाधानाने बसले.

"प्रत्येक पोतं पन्नासचंच आहे," ते म्हणाले. "दोन पोती एकमेकांच्या सोबतीने निघाली तर समिती त्यांना अडवू शकत नाही."

चौथ्याने ऐकून घेतलं. साहेब मनाने वाईट नाहीत. त्यांनी त्याच्यापुढे बढतीचा प्रस्ताव ठेवला. कमरेतून त्याला मानेत घ्यायचं, तिथे काम हलकं असतं, हवाही चांगली. मी तक्ता पाहिला. मानेत सातच पदं मंजूर आहेत आणि सातही भरलेली आहेत. त्या सातांपैकी निवृत्तीला कोणी आलेलं नव्हतं.

मग साहेबांनी प्रबोधनाचा मार्ग काढला. पुढच्या बुधवारी लिलावगृहात 'ओझे उचलण्याची शास्त्रशुद्ध पद्धत' या विषयावर व्याख्यान ठेवलं. जिल्ह्याहून डॉक्टर आले. सोबत प्लास्टिकचा अख्खा कणा आणला होता, लाकडी पेटीत घालून. त्यांनी सांगितलं की ओझं उचलताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावं. ओझं अंगाशी धरावं. उचललेलं असताना कमरेतून वळू नये. जड ओझं दोघांनी मिळून उचलावं आणि दर वीस मिनिटांनी पाठ टेकावी. सगळं खरं होतं आणि हमालांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"फळीवर चढताना गुडघ्यात कसं वाकायचं?" मागून मुकादमांनी विचारलं.

"फळी टाळावी," डॉक्टर म्हणाले.

टाळ्या झाल्या. कार्यक्रमानंतर प्लास्टिकचा कणा पेटीत भरला. पेटी चांगलीच जड होती. डॉक्टरांच्या गाडीपर्यंत ती गहिनीनाथांनी पाठीवरून नेली. डॉक्टर सबंध वाटभर मागून सांगत होते, जपून, नाजूक आहे.

महिना भरला. चौथ्याने विचार बदलला नाही. आता प्रश्न उभा राहिला बदलीचा.

आमच्या टोळ्यांमध्ये एक जुनी रीत आहे. माणूस टोळीतून गेला की त्याच्या जागी त्याच्याच घरातलं माणूस घ्यायचं. बाहेरचा घुसवायचा नाही. रीत चांगल्या हेतूने पडली, कारण बिल्ला हा घराचा आधार असतो. ती कागदावरही आली आणि कागदावर आलेली गोष्ट सर्वांना सारखीच लागू होते. मणका गेला तर मणका घरातलाच आला पाहिजे. पंधरा दिवसांत बदली दिली नाही, तर बिल्ला जमा.

गहिनीनाथांना बिल्ला जमा करणं परवडणारं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणिता जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हमालांच्या मुलामुलींसाठी असलेल्या वसतिगृहात राहत होती. बाप बिल्ल्यावर आहे तोवरच तिथे खोली मिळते. एवढं एक वर्ष काढायचं आणि मग खुशाल बिल्ला ठेवून द्यायचा, असा त्यांचा हिशेब होता. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी तो मला दोनदा सांगितला.

"मपल्या बापानं पोती व्हायली, म्या व्हायली," ते म्हणाले. "पोरीच्या पाठीवर काय चढू द्यायचं नाई, भाऊसाहेब. तेवढंच करायचंय मला."

मी म्हणालो, "ठीक आहे, पण बदली कोण?"

बदली म्हणून मुद्रिकाबाई आल्या. मुद्रिकाबाई म्हणजे गहिनीनाथांची बायको. त्यांनी नाकातली नथ काढून ठेवली होती, मुलाखतीला ती चालत नाही असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. त्या दाराशी चौकटीला धरून राहिल्या आणि त्यांचा चौथा आत येऊन खुर्चीवर बसला. वयाने तो नवऱ्याच्या चौथ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान होता. झिजला होता मात्र त्याच्याहून जास्त.

"अनुभव?" कुलथेसाहेबांनी विचारलं.

"नऊ वर्सांचा होतो तवापासून," मुद्रिकाबाईंचा चौथा म्हणाला. "पाणी, सरपण, वैरण. लगीन झाल्यावर दर साली ऊसतोडीला. यार्डातला हंगाम सरला की दोघंबी जायचो, बारा वर्सं गेलो. हे तोडायचे आन् मी मोळी व्हायचो. ट्रकाला फळी लावत्यात, तिच्यावरून वर."

"प्रमाणपत्र?"

कागद होता. ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेला, घडीवर फाटलेला. त्यावर लिहिलं होतं, 'एक कोयता. गहिनीनाथ खरमाटे.'

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तोडणारा तो, वाहणारी ती, आणि यादीत कोयता एक. नाव अर्थातच तोडणाऱ्याचं. कोयता म्हणजे दोन माणसं, हे उसाला ठाऊक असतं, ट्रकला ठाऊक असतं, फक्त कागदाला ठाऊक नसतं.

"म्हणजे हा अनुभव तुमचा नाही," कुलथेसाहेब म्हणाले. "यांचा आहे."

"मोळी कुणी न्हेली मंग?" दारातून मुद्रिकाबाई म्हणाल्या.

"ते या कागदावरून स्पष्ट होत नाही."

अनुभव नसलेल्याला बदली घेता येत नाही. बदली नाही म्हणून बिल्ला जमा. गहिनीनाथांचा हात आपोआप बिल्ल्यावर गेला, काढायला नव्हे, झाकायला. प्रकरण इथेच मिटलं असतं. पण मी लिपिक आहे आणि मला ते बघवलं नाही. मी त्या दुपारी एक टिपणी लिहिली.

टिपणी अशी होती. ज्याअर्थी पती-पत्नी मिळून एक कोयता धरण्यात येतो, त्याअर्थी त्यांच्या कमरेतील चौथा मणका हेही एकच पद समजण्यास हरकत नाही. या एका पदावर आजवर दोघे काम करीत होते. पैकी एकाने राजीनामा दिल्याने पद रिक्त होत नाही. पद रिक्त नसल्याने बदलीचा प्रश्न उद्भवत नाही, आणि बदली नसल्याने अनुभवाचीही आवश्यकता नाही. सबब उर्वरित मणक्याने काम पुढे चालू ठेवावे.

कुलथेसाहेबांनी टिपणी दोनदा वाचली आणि माझ्यासाठी चहा मागवला. बारा वर्षांच्या नोकरीत प्रथमच. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. बिल्ला वाचला, मुलीची खोली वाचली, नियमही वाचला. आज ती टिपणी आठवली की मला लाज वाटते, पण चहा चांगला होता हेही खरं आहे.

"मंग मी दिवसभर उभी कशी ऱ्हाऊ?" मुद्रिकाबाईंनी विचारलं.

"तुम्ही घरीच असता ना?" साहेब म्हणाले.

व्यवस्था लागली. मुद्रिकाबाई पहाटे उठून पाणी, भाकरी, झाडलोट, धुणं उरकायच्या. आठ वाजता चौथा नवऱ्याच्या कमरेत जायचा आणि त्या खाटेवर पडायच्या. सहा वाजता गहिनीनाथ यार्डातून यायचे, चौथा बायकोच्या स्वाधीन करायचे आणि त्याच खाटेवर पडायचे. मग त्या उठून स्वयंपाकाला लागायच्या. चौथ्याला साप्ताहिक सुट्टी होती. रविवारी बाजार बंद असतो, म्हणून रविवारी तो गोधड्या धुवायचा. नऊ महिन्यांत ती दोघं एकाच वेळी उभी असलेली वस्तीत कोणी पाहिली नाहीत. जेवायला बसली तरी एक जण बसायचं आणि दुसऱ्याला पडल्या पडल्या घास भरवावा लागायचा. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारपणी एवढं प्रेम कुठे बघायला मिळतं.

कुलथेसाहेबांनी विभागीय बैठकीत 'एक घर, एक कणा' या नावाने योजना मांडली. तिला उत्कृष्ट उपक्रमाचं पारितोषिक मिळालं. अकरा घरांनी ती स्वीकारली, म्हणजे त्यांना स्वीकारायला लावली. पारितोषिकाची ढाल चांगली जाडजूड होती, ती भिंतीवर लावताना साहेबांनी मला दुसऱ्या बाजूने धरायला लावली. जड ओझं दोघांनी मिळून उचलावं, ही गोष्ट त्यांच्या लक्षात होती.

राहिला राजीनामा दिलेला चौथा. त्याला मी कार्यमुक्तीचा आदेश दिला. तो आदेश घेऊन टेबलावर तसाच बसून राहिला. कमरेतली जागा आता भरलेली होती, दुसरं घर त्याला नव्हतं.

"हलकं काय काम आसंल तर बगा," तो म्हणाला.

माझ्या टेबलावर पंखा असतो आणि कागद उडतात. मी त्याला कागदांवर ठेवलं. काम त्याला आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कशाच्या खाली नव्हता, वर होता. आमच्या कार्यालयात प्रत्येक वस्तूची जडवस्तू नोंदवहीत नोंद व्हावी लागते, त्याप्रमाणे मी नोंद केली, 'कागददाब, हाडाचा, नग एक.' महिन्याभरात त्याचा रंग सुधारला. घासलेली बाजू काही भरून आली नाही, पण ठणका थांबला असं तो म्हणायचा. दुपारी काम नसलं की आम्ही बोलायचो. तो खिडकीतून यार्डाकडे बघत असे.

"डाव्या पायावर तिरपा चालतोय," तो म्हणायचा. "बाईचा चौथा पाचव्यावर रेलतोय. किती दीस काढंल?"

"तुला काय त्याचं? तू सुटलास."

"सुटलो खरा," तो म्हणायचा, आणि पुन्हा खिडकीकडे वळायचा.

एप्रिलमध्ये बिल्ल्यांचं नूतनीकरण असतं. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये पारितोषिकप्राप्त योजनेमुळे एक रकाना वाढला होता. घरातील पुढील चौथा. गहिनीनाथ फॉर्म घेऊन आले तेव्हा कुलथेसाहेब माझ्याच टेबलापाशी उभे होते.

"हा रकाना मोकळा राहिलाय," साहेब म्हणाले.

"मोकळाच ऱ्हाऊ द्या, साहेब."

"मोकळा ठेवता येत नाही. सध्याचा चौथा फार तर सहा महिने चालेल, मी तपासणीचा अहवाल वाचलाय. पुढची सोय आत्ताच करायला हवी. तुम्हाला मुलगी आहे ना?"

गहिनीनाथांनी रकान्यावर तळहात ठेवला.

"एकवीस वर्षांची म्हणजे ताजा मणका," साहेब समजुतीने म्हणाले. "आणि नर्सिंगला आहे, पेशंट उचलायची सवय असेलच. लगेच कुठे बोलावतोय? नुसतं नाव लिहायचं."

"नुसतं नाव लिहा," मीही म्हणालो. मला खरंच त्यांचं भलं व्हावं असं वाटत होतं. प्रणिताच्या परीक्षेला दोनच महिने राहिले होते. एका नावाने तिची खोली राहिली असती.

गहिनीनाथांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी साहेबांकडेही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला. पिन गंजलेली होती, वेळ लागला. सदऱ्यावर बिल्ल्याच्या जागी बिल्ल्याएवढाच मूळ रंग शिल्लक होता.

"ह्यो घ्या," ते म्हणाले. "तिचं नाव न्हाई लिव्हायचं. पेन्शिलीनंबी न्हाई."

"भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका," कुलथेसाहेब म्हणाले.

"सत्तावीस वर्सं भावनेच्या भरातच व्हायलो, साहेब. आता काय घेतलंय ते नीट इचार करून घेतलंय."

मी पावती फाडली. बिल्ला जमा, स्वेच्छेने. बिल्ला जमा झाल्याबरोबर मुद्रिकाबाईंचा चौथा कर्तव्यातून आपोआप मुक्त झाला आणि तडक आपल्या घरी गेला. गहिनीनाथ माझ्या टेबलासमोर फरशीवर आडवे झाले. त्यांना न्यायला सात नंबरच्या टोळीतून माणसं आली. माणूस पन्नास किलोच्या वर होता, म्हणून दोघांनी मिळून उचलला. नियम पाळला गेल्याचं त्या आवारात मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी चौथा सकाळपासून यार्डाकडे बघत होता. कागद त्याच्याखालून फडफडत होते, इतकं त्याचं लक्ष नव्हतं.

"भाऊसाहेब," दुपारी तो म्हणाला, "मला घरी जायचंय."

"राजीनामा दिलायस तू."

"पोत्याचा दिला. त्याचा कुठं दिला? आता पोतं न्हाई, मंग मला काय आडचण?"

मी नोंदवही काढली. जडवस्तू कार्यालयाबाहेर न्यायची तर आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती वहीतून कमी करावी लागते. त्यासाठी वस्तू मोडकी व निरुपयोगी असल्याचा दाखला लागतो. मी त्याला तसं वाचून दाखवलं.

"तू तर सुधारलायस," मी म्हणालो. "तुला निरुपयोगी कोण म्हणेल?"

"दोन्ही येळा मीच आडकायचं व्हय?" तो म्हणाला. "मोडायला आलो तवा जाऊ दिलं न्हाई, बरा झालो तवाबी न्हाई."

मला संताप आला. कुलथेसाहेबांचा नाही, नोंदवहीचाही नाही. साहेबांच्या दालनात बिल्ला झाकणारा माणूस मला दिसला होता, चौकटीला धरून उभी असलेली बाई दिसली होती, आणि मी त्यांना टिपणी दिली होती. मी वही मिटली. चौथ्याला रुमालात बांधून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेलो. सव्वीस वर्षं पोती पेललेला तो मणका खिशात जाणवतही नव्हता.

हमाल वस्ती यार्डाच्या मागेच आहे. गहिनीनाथ खाटेवर पालथे पडले होते. मुद्रिकाबाई चुलीपाशी होत्या. मी रुमाल सोडला.

"आलास?" गहिनीनाथ म्हणाले.

"आलो. पर आता बाम चोळायच्या आधी ऐकत जा."

"ऐकतो, बाबा."

चौथा आपल्या जागी गेला. गहिनीनाथ खाटेच्या कडेवर बसले, मग हळूहळू उठले, आधी गुडघ्यात वाकून. मुद्रिकाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. नऊ महिन्यांत आपण नवऱ्याच्या कपाळापर्यंत येतो की नाकापर्यंत, हेच त्या विसरल्या होत्या.

"खोली लई बारकी वाटाया लागली," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मी चहा न घेताच निघालो. तिथे माझं काही काम नव्हतं.

प्रणिताची खोली गेली. शेवटचे दोन महिने ती एका मैत्रिणीकडे जमिनीवर झोपली आणि तिने परीक्षा दिली.

मेच्या अखेरीस जडवस्तूंची वार्षिक पडताळणी झाली. पडताळणी अधिकारी वही घेऊन टेबलाटेबलावरून फिरत आले. खुर्ची, हजर. पंखा, हजर. पॅड, हजर. "कागददाब, हाडाचा, नग एक?" त्यांनी विचारलं.

मी माझा चौथा टेबलावर ठेवलेला होता. आदल्या दिवशी बराच विचार केला, दुसरा मार्ग सुचला नाही. त्यांनी तो उचलला, उजेडात धरून फिरवून पाहिला, सगळ्या बाजूंनी बोट फिरवलं.

"याचा वापर झालेला दिसत नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी शेऱ्यात 'नवीनवत्' असं लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. तेव्हापासून तो रोज दहा ते सहा टेबलावर असतो. सहाला कुलूप लावायच्या आधी मी तो परत घेतो आणि घरी जातो. कार्यालयीन वेळेत त्याच्याविना माझं काहीही अडत नाही. खुर्चीला टेकून बसलं की काम होतं. कुलथेसाहेबांच्या किंवा आणखी कोणाच्याही ते अजून लक्षात आलेलं नाही.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. दुपारी तीनच्या सुमारास गहिनीनाथ, मुद्रिकाबाई आणि प्रणिता पेढे घेऊन कार्यालयात आले. तिघंही माझ्या टेबलासमोर ओळीने उभी राहिली. प्रणिता आईपेक्षा हातभर उंच होती आणि वडिलांना कडेने धरायची गरज नसतानाही धरून होती. सरकारी दवाखान्यात रुजू व्हायचा कागद तिने मला दाखवला.

"चला की भाऊसाहेब, भाईर चहा घेऊ," गहिनीनाथ म्हणाले. "आज आमच्याकडून."

मी टेबलावर हात टेकले. चौथा कागदांवर होता, पंखा जोरात चालू होता.

"काम आहे," मी म्हणालो आणि बसल्या बसल्याच पेढा घेतला. कार्यालयातली माणसं अशीच बसून बोलतात, त्यामुळे त्या तिघांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.